रांगेचा फायदा सर्वांना (अटी लागू)

लहानपणी एसटी स्टँडवर, रेशनच्या दुकानात, रॉकेलच्या गाडीपाशी एक पाटी हमखास दिसायची. 'रांगेचा फायदा सर्वांना'. पाटीखाली रांग असायचीच असं नाही, बऱ्याचदा नुसती झुंबड असायची. पण मध्ये घुसणाऱ्याला "ओ काका, पाटी वाचा जरा" असं सुनावण्याचा हक्क त्या पाटीने प्रत्येकाला दिलेला होता. काका तोंड वाकडं करून मागे जायचे. निदान आपण चुकीचं करतोय हे त्यांना ठाऊक असायचं.

मागच्या वर्षी ताईकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा ही पाटी फार आठवली.

बायको, नऊ वर्षांची चिऊ आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा अशी आमची वरात तिथल्या एका थीम पार्कात गेली. (पार्कचं नाव मुद्दाम सांगत नाही. आता बहुतेक मोठ्या पार्कांत कमीअधिक हेच चालतं, मग एकालाच का झोडा?) दाजींनी फोनवर त्यांचं अ‍ॅप घेतलं होतं, नकाशा पाठ केला होता. एका राईडच्या रांगेत उभे राहिलो. बाहेर पाटीवर अंदाज लिहिला होता ७५ मिनिटं. प्रत्यक्षात लागले दोन तासांना दहा मिनिटं कमी. ऊन मी म्हणत होतं. बाबांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. ते थोडा वेळ कठड्याला टेकले, मग सरळ बाजूच्या दगडी कट्ट्यावर बसले आणि रांग सरकली की उठून दोन पावलं पुढे येऊन पुन्हा बसायला जागा शोधू लागले.

आमच्या शेजारूनच, मध्ये एक दोरी सोडून, दुसरी वाट होती. तिथून लोक चालत जात होते. थांबत नव्हते, चालत जात होते. हसत, आईस्क्रीम खात. चिऊने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाबा, ते आपल्या नंतर आले ना? मग आधी कसे गेले?"

"त्यांनी जास्त पैसे भरलेत," मी म्हणालो.

"मग आपण तिकीट काढलं ते कशाचं?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. घरी येऊन बरंच वाचलं, डोकं खाजवलं, आणि आता माझं मत असं झालंय की चिऊचा प्रश्न बरोबर होता आणि या सगळ्या 'आगाऊ आरक्षण' प्रकरणात कोणाकडेच त्याला धड उत्तर नाही. म्हणून हा प्रपंच.

या पद्धतीचा इतिहास बघायचा तर डिस्नेकडेच बघावं लागतं, कारण बाकीचे थोडेफार त्यांचंच बघून चालतात. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. तिथे बरीच वर्षं कूपनांची वही मिळायची. ए, बी, सी अशी कूपनं, साध्या पाळण्याला ए, आणि सगळ्यात भारी राईडला १९५९ पासून ई. वहीत ई कूपनं मोजकीच, त्यामुळे भारी राईडवर लोक विचार करून जायचे. १९८२ मध्ये ही वही बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. हवं तेवढं बसा. साहजिकच सगळे भारी राईडकडे पळणार आणि रांगा वाढणार.

त्यावर १९९९ मध्ये 'फास्टपास' आला. राईडजवळच्या यंत्रात आपलं तिकीट घालायचं, यंत्रातून चिठ्ठी बाहेर यायची, अमुक ते अमुक या तासात परत या. फुकट. श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच यंत्र. ऐकायला किती छान! रांगेत उभं राहायचं काम चिठ्ठी करणार आणि तुम्ही मोकळे.

इथे मला बाबांच्या बँकेची आठवण येते. बाबा सहकारी बँकेत कॅशियर होते. चेक दिला की काऊंटरवरचा माणूस पितळी टोकन द्यायचा. ते घेऊन बाकावर बसायचं, पेपर वाचायचा, नंबर पुकारला की उठायचं. टोकन म्हणजेही रांगच, फक्त पायांना आराम. पण त्यात एक गंमत होती. टोकनाने क्रम बदलत नव्हता. जो आधी आला त्याचा नंबर आधी. आणि टोकन घेऊन तुम्ही बाकावरच बसायचात, दुसऱ्या काऊंटरवर जाऊन तिथल्या लोकांची रांग लांबवत नव्हता.

फास्टपासवाला मात्र चिठ्ठी घेऊन बाकावर बसत नाही. पार्कवाल्यांना वाटतं मधल्या वेळात हा हॉटेलात खाईल, दुकानात टोप्या विकत घेईल. थोडं करतोही. पण एवढे पैसे भरून आलेला माणूस बराचसा वेळ काय करणार? दुसऱ्या राईडच्या रांगेत उभा राहणार! आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात आणि स्वतः रसवंतीत जाऊन उभे राहतात, तसं. एक माणूस, पण रांगा दोन. एकीकडे रुमाल, दुसरीकडे स्वतः. असे हजारो रुमाल पडले की ज्या राईडला एरवी दहा मिनिटं लागली असती तिथेही अर्धा तास लागायला लागतो, कारण सगळे रुमालवाले तिथे वेळ काढायला आलेले असतात.

थोडं गणित करू, अगदी शाळकरी. समजा एका राईडवर तासाला १००० माणसं बसू शकतात. तुमच्या पुढे साध्या रांगेत ६०० जण आहेत. सगळ्या जागा या रांगेला मिळाल्या तर तुमचा नंबर ३६ मिनिटांत लागेल. पण १००० पैकी ७०० जागा पासवाल्यांना राखून ठेवल्या तर तुमच्या वाट्याला उरल्या ३००. तेच ६०० जण, आता दोन तास. रांगेची लांबी तीच दिसते, ती सरकते मात्र गोगलगायीसारखी. आमचं नेमकं हेच झालं असणार.

आता कोणी हुशार वाचक म्हणेल (आमचे दाजी म्हणालेच), "अरे पण ते ७०० जण पास नसता तर तुझ्याच रांगेत उभे असते की!" मान्य. शंभर टक्के मान्य. मग मला ३६ मिनिटांपेक्षा जास्त लागली असती. पण त्यांनाही तेवढीच लागली असती. माझा मुद्दाच तो आहे. पासामुळे राईडची एकही खुर्ची वाढलेली नाही. १००० च्या १००१ झालेल्या नाहीत. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खिशातून आलाय, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलं नाही.

पुढची गोष्ट आणखी मजेशीर. २०१३-१४ च्या सुमारास फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये कागदी चिठ्ठी जाऊन 'फास्टपास प्लस' आला. मनगटावर बँड, फोनवर आरक्षण. तेही फुकटच. पण जे त्यांच्या हॉटेलात राहणार त्यांना ६० दिवस आधी जागा धरता यायची आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी. म्हणजे मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या मुलाला कुठल्या राईडवर बसावंसं वाटेल हे दोन महिने आधी ठरवायचं! आमच्याकडे लग्नाचा हॉल सोडला तर दोन महिने आधी काहीही ठरत नाही.

२०२० मध्ये कोरोनात पार्क बंद झाली, आणि फास्टपास प्लस काही परत आला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी आला 'जिनी प्लस', डिस्ने वर्ल्डमध्ये सुरुवातीला माणशी रोजचे १५ डॉलर. आणि सगळ्यात लोकप्रिय राईड त्यातही नाहीत, त्यांचे वेगळे पैसे. (ई कूपन आठवलं का? फरक इतकाच की तेव्हा ई कूपन वहीतच यायचं, आता वही घेतल्यावर वर पुन्हा ई विकत घ्यायचं.) पुढे गर्दीप्रमाणे किंमत बदलायला लागली. २०२४ च्या जुलैमध्ये नाव बदलून 'लायटनिंग लेन मल्टी पास' झालं आणि आगाऊ आरक्षण परत आलं, हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन. त्याच ऑक्टोबरमध्ये 'प्रीमियर पास' आला. वेळ ठरवायची गरज नाही, कधीही या, प्रत्येक राईडच्या वेगळ्या वाटेने एकदा थेट आत. मॅजिक किंगडममध्ये सुरुवातीलाच त्याची कमाल किंमत होती माणशी एका दिवसाला ४४९ डॉलर. प्रवेशाचं तिकीट वेगळं!

फुकट चिठ्ठीपासून ४४९ डॉलरपर्यंत पंचवीस वर्षं. एक-एक पायरी इतकी छोटी की कोणाला ओरडावंसं वाटलं नाही.

या धंद्याच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ज्याला परवडतं त्याने सोय विकत घेतली तर तुमच्या पोटात का दुखतं? विमानात बिझनेस क्लास असतोच ना?" असतो. मी इकॉनॉमीत गुडघे छातीशी घेऊन बसतो आणि पुढच्याला पाय पसरायला मिळतात. माझी ना नाही. पण त्याने जास्त पैसे दिले म्हणून माझं विमान दोन तास उशिरा पोचत नाही. रुंद खुर्ची विका, चांगलं जेवण विका, राईडवर काढलेला तोंड उघडं पडलेला फोटो हव्या त्या किमतीला विका. माझा नंबर विकू नका, कारण तो तुमचा नाहीच. तो मी उन्हात उभा राहून कमावलेला आहे.

दुसरं वाक्य, "किंमत लावल्याशिवाय गर्दी आवरणार कशी?" लावा की किंमत, दारावर लावा. २०१६ पासून डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीच्या आणि बिनगर्दीच्या दिवसांना वेगवेगळे आहेत. नाताळात महाग, शाळेच्या दिवसांत स्वस्त. ते मला पटतं. माणूस घरी बसून ठरवू शकतो की जायचं की नाही, आणि गर्दी खरोखर पांगते. दारावरचा दर बघून चार माणसं आज न येता दुसऱ्या दिवशी येतात. रांगेतला पास विकल्याने एकही माणूस घरी राहत नाही. आत तेवढीच गर्दी, फक्त पायताणं कोणाची झिजणार ते बदलतं.

आणि मला खरी भीती वेगळीच वाटते. रांग छोटी असेल तर पास कोण घेईल? साध्या रांगेचे हाल हीच पासाची जाहिरात. कोणी मुद्दाम रांगा लांबवतं असा माझा आरोप नाही. पण लांब रांगेवर ज्याची कमाई आहे, त्याला ती छोटी करायची घाई किती असेल, ते तुम्हीच सांगा.

फुकट आरक्षणाने सगळं सुरळीत होतं असंही नाही बरं का. डिसेंबर २०१९ मध्ये डिस्ने वर्ल्डमध्ये 'राईज ऑफ द रेझिस्टन्स' ही स्टार वॉर्सची राईड उघडली. तिला साधी रांगच नव्हती, फोनवर फुकट गट क्रमांक घ्यायचा. लोक पहाटे अंधारात पार्कच्या दारात! पुढे क्रमांक सकाळी सात वाजता घरबसल्या घेता यायला लागला, तर तो काही क्षणांत संपायचा. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाच्या ठोक्याला ज्यांनी गोल फिरणारं चक्र बघितलंय त्यांना मी काय वेगळं सांगणार. रांग तिथेही आहेच. ती फक्त दिसत नाही, आणि तिच्यात चांगला फोन, चपळ बोटं आणि इंग्रजी येणारा पुढे असतो. आमच्या बाबांसारखा माणूस त्या रांगेत उभाच राहू शकत नाही, मग पुढे जाणं लांबच.

याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना. २०१३ मध्ये बातमी आली होती की काही पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तींना 'गाईड' म्हणून भाड्याने घेऊन रांग चुकवतात. त्याच वर्षी डिस्नेने अपंगांसाठीची जुनी सवलत बंद करून नवी पद्धत आणली, तिथेही मग परत यायची वेळ मिळायला लागली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले, आता ती सवलत मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी. रांग चुकवणं ही चीज जितकी महाग होते, तितकी तिची चोरी वाढते, आणि चोर पकडायला लावलेल्या चाळणीत साव अडकतात.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळणाऱ्यांपैकी मी नाही. (बायकोचं मत वेगळं आहे.)

उत्तर डिस्नेनेच एकदा देऊन ठेवलंय. मॅजिक किंगडममध्ये डंबो हत्तीचा फिरता पाळणा आहे, लहान मुलांचा लाडका. २०१२ मध्ये त्यांनी तो नव्या जागी हलवला तेव्हा एकाचे दोन पाळणे केले. आणि रांगेच्या जागी एक मोठा तंबू, आत थंड हवा, मुलांना घसरगुंड्या. आईबापांच्या हातात एक पेजर. मुलं खेळायची, आजोबा बसायचे, पेजर वाजला की उठायचं. बाबांच्या बँकेतलं पितळी टोकनच की हे! जागा वाढवल्या, क्रम राखला, पायांना आराम दिला, आणि वरती कोणाकडून दमडी घेतली नाही. हे जमत होतं. जमतं.

तेव्हा माझ्या मागण्या चार. एक, तिकिटं तेवढीच विका जेवढ्या लोकांना दिवसभरात धडपणे काही बघता येईल. दोन, टोकन द्या, पण फुकट, त्याच दिवशी, आणि जो आत आलाय त्याला. फोन नसलेल्यालाही मिळेल असं. तीन, साध्या रांगेवर सावली, पाणी आणि बाकं. चार, पास विकायचेच असतील तर दारावर ठळक लिहा की प्रत्येक राईडच्या शंभर जागांपैकी किती पासवाल्यांच्या आहेत. बघू मग किती जण साधं तिकीट काढतात.

एमआयटीचे प्राध्यापक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगांबद्दल एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की माणसाला नुसतं थांबण्याचा त्रास होतो त्याहून वेगळा त्रास आपल्या नंतर आलेला आपल्या आधी गेला याचा होतो. हे सांगायला एमआयटी लागते असं नाही, लालबागच्या रांगेत उभं राहिलेला कोणीही सांगेल. देवळांतल्या पैशाच्या दर्शनाबद्दल तर काय बोलावं. जानेवारी २०२५ मध्ये व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला, पण अशी खास वागणूक असू नये असं मत मात्र नोंदवलं. देवाच्या दारात आपल्याला सवय झालीच आहे, मग पाळण्याच्या दारात काय आश्चर्य?

आता एक कबुलीजबाब. ताई-दाजी हे वाचणार आहेत, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पास घेतले. बाबांच्या गुडघ्यांचं कारण सांगून मी स्वतःच दाजींना घ्यायला लावले. दाजी सकाळपासून फोनमध्ये मान घालून होते, पुढची वेळ, त्याच्या पुढची वेळ. दिवसभरात त्यांनी पार्क किती बघितला कोण जाणे. पण आम्ही भराभर चालत गेलो. कालच्याच राईडला, दोरीच्या पलीकडच्या वाटेने. चिऊ उड्या मारत होती.

कालच्याच दगडी कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. कुठल्या देशाचे कोण जाणे. नातू त्यांचा हात ओढत होता, रांग सरकली होती म्हणून. बाबा थांबले. मागचे लोक थांबले. मी म्हटलं, "चला ना बाबा, लोक खोळंबलेत."

बाबा चालायला लागले. राईडवर बसले, उतरले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी गाडीत बसल्यावर म्हणाले, "छत्तीस वर्षं काऊंटरवर बसलो. मॅनेजरचा मेहुणा आला तरी त्याला टोकन दिलं. आज मी त्या माणसाच्या पुढे गेलो."

"बाबा, पैसे भरले होते आपण," दाजी म्हणाले.

"मेहुणाही तेच म्हणाला असता," बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तिसऱ्या दिवसाचे पास आम्ही घेतले नाहीत. बाबा आणि मी सकाळी सावलीत एका बाकावर बसून कॉफी प्यायलो, चिऊ आणि बायको साध्या रांगेत दोन राईड करून आल्या. दोनच. चिऊ थोडी कुरकुरली. मग रांगेत भेटलेल्या एका मुलीबरोबर ती कसला तरी टाळ्यांचा खेळ शिकून आली होती, तो तिने बाबांना शिकवला. बाबांना तो अजून नीट जमत नाही.